किनाऱ्याचा जुना गाळ वाचताय? या चुका टाळा

दरवर्षी डिसेंबरात कोल्हापुरातनं पोरं घेऊन गगनबावड्यावरनं घाट उतरतो, खाली खाडीकाठचे गाळाचे थर बघायला. आणि दरवर्षी त्याच त्याच चुका. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक म्हणजे शिंपलं दिसलं की "सर, इथं समुद्र होता!" एमएस्सीला असताना मी पण हेच केलंय. भरतीच्या रेषेपेक्षा पुरुषभर उंचीवर एका परसामागच्या दरडीत शिंपल्यांचा जाड पांढरा थर सापडला, आम्ही तिघांनी दोन दिवस मोजमाप केलं, वहीत 'उचललेला जुना किनारा' असं लिहून खाली रेघ पण मारली. तिसऱ्या दिवशी घरातली आजी बाहेर आली आणि म्हणाली, "झिला, सासूच्या टायमापासून तिसऱ्यांची कवचां आमी थंयच टाकतंव." तिसऱ्या म्हणजे खाण्याची शिंपली. परत जाऊन बघितलं तर सगळी एकाच जातीची, सगळी खाण्याच्या मापाची, मधे कोळशाचे तुकडे आणि एक फुटकं खापर. दोन दिवस ते समोरच होतं, आम्हाला बघायचंच नव्हतं. खऱ्या किनाऱ्याच्या थरात बारकी, मोठी, खाण्याची, बिनखाण्याची सगळी मिसळलेली असतात, कडा घासलेल्या असतात आणि सोबत वाळू असते. तेव्हापासून माझी सवय अशी की थरातनं मूठभर शिंपली काढायची, कागदावर पसरायची, जाती आणि मापं लावायची, आणि मगच तोंड उघडायचं. वीस मिनिटं लागतात. ज्याला तेवढी पण घाई आहे त्यानं खडकाच्या नादाला लागू नये.

आणि हो, समुद्री शिंपल्याचं कार्बन वय (कार्बन-१४ वरनं काढलेलं) आलं की तसंच लिहू नका. समुद्राच्या पाण्यातला कार्बन आधीच जुना असतो, त्यामुळं वय साधारण ४०० वर्षांनी जास्त दिसतं, ते दुरुस्त करावं लागतं.

वाळूखडकावर लाटांच्या खुणा दिसल्या म्हणून समुद्र, ही पण तशीच गडबड. दोन्ही बाजूंनी सारख्या उताराच्या खुणा वाऱ्यानं हलणाऱ्या कुठल्याही उथळ पाण्यात होतात, आमच्या कोल्हापूरच्या रंकाळा तळ्याच्या काठाला पण होतील. एका बाजूला जास्त उतार असला तर वाहतं पाणी किंवा वारा. एवढंच कळतं, पुढचं शेजारच्या थरांना विचारा.

दुसरी लाडकी चूक म्हणजे खाली चिखल आणि वर वाळू दिसली की लगेच "समुद्र खाली गेला". अहो, नदीनं भरपूर गाळ आणला तर समुद्र तिथंच असताना, अगदी हळू चढत असताना पण किनारा पुढं सरकतो. आपल्या पंचगंगेचंच बघा, ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि तिचा गाळ कृष्णेबरोबर पार बंगालच्या उपसागरापर्यंत जायचा. तिथं नदीच्या मुखापासून लांब खोलात बारीक चिखल बसतो, मुखाजवळ वाळू बसते, मुख पुढं सरकलं की त्याच चिखलावर वाळू येते. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता, मग तो चढत आला आणि चढायचा वेग मंदावल्यावर, साधारण ८,५०० ते ६,५०० वर्षांपूर्वी, जगातले बहुतेक आजचे डेल्टा (नदीच्या मुखाशी गाळानं बनलेली जमीन) वाढायला लागले. म्हणजे समुद्र उतरला म्हणून नाही, नदी जिंकली म्हणून. १८९४ मधे वाल्थर या जर्मन भूवैज्ञानिकानं हेच सांगितलं, एकावर एक दिसणारे थर एकेकाळी शेजारी शेजारी होते, पण मधे थर तुटलेला नसेल तरच. पोरं नियम पाठ करतात आणि ही अट विसरतात. मी प्रत्येक थराच्या सीमेवर बोट फिरवतो, खाली झिजलेली खडबडीत रेघ आणि वर गोटे लागले की थांबतो, तिथं कदाचित हजारो वर्षं गायब असतात.

बाकी बारीकसारीक. दरडीचा वरचा मळ कुदळीनं खरवडल्याशिवाय फोटो काढू नका. फोटोत पट्टी ठेवा, चप्पल नको. मोजायला खालनं वर जा. आणि भरतीची वेळ बघितल्याशिवाय खाडीत उतरू नका, पाणी आलं की खालचे थर झाकतात आणि मग पोरं राहिलेल्या वरच्या निम्म्यावरच अख्खा रिपोर्ट लिहून मोकळी होतात.