छेद लहान, काम तेवढंच

मणके जोडण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे फ्यूजन, मी आधी मोठ्या छेदातून शिकलो. पाठीच्या मधोमध चीर द्यायची, स्नायू हाडापासून सोलून बाजूला करायचे, की सगळं समोर उघडं. डोळ्यांना दिसतं, बोटाला लागतं. मग कमीत कमी छेदाची पद्धत शिकायला गेलो आणि पहिल्याच आठवड्यात गोंधळलो. मध्यरेषेपासून साधारण चार सेंटीमीटर बाजूला छोटा छेद, त्यातून २२ मिलिमीटरची नळी, आणि मायक्रोस्कोपमधून बघावं तर तळाशी नाण्याएवढं लालसर काहीतरी. ते फॅसेटचं (दोन मणक्यांमधल्या छोट्या सांध्याचं) हाड की लॅमिना (मणक्याच्या मागच्या कमानीची पाटी), हे मला सांगता येईना.

आत करायचं काम मात्र तसूभर कमी झालेलं नसतं. नस मोकळी करायची, दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क काढायची, तिच्या जागी केज नावाचा पोकळ ठोकळा बसवायचा, मणके धरून ठेवायला स्क्रू-रॉड लावायचे. स्नायूंची कत्तल तेवढी टळते. १९६८ मध्ये विल्ट्से या शल्यचिकित्सकांनी मल्टिफिडस आणि लाँजिसिमस या पाठीच्या दोन स्नायूंमधल्या फटीतून जाणारी वाट दाखवली होती. नळीही साधारण त्याच वाटेने, एकावर एक जाड होत जाणाऱ्या नळ्यांनी, म्हणजे डायलेटरनी, स्नायू बाजूला सारत उतरते. पण नळीतून हाडाचा तुकडाच दिसतो, म्हणून ओपन, म्हणजे मोठ्या छेदाच्या, शस्त्रक्रियेत हाडं नीट ओळखायला शिकल्याशिवाय नळीच्या नादी लागू नका, असं मी नव्या मुलामुलींना सांगतो. फारसं कुणाला आवडत नाही.

सुरुवातीचे काही आठवडे ही पद्धत शिकवणाऱ्या सरांनी मला स्क्रूला हातच लावू दिला नाही. सी-आर्म, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना क्ष-किरणांचं चित्र दाखवणारं यंत्र, चालवणाऱ्या टेक्निशियनशेजारी उभं केलं. तेव्हा राग आला होता. समोरून घेतलेल्या चित्रात ज्या मणक्यात स्क्रू घालायचा त्याची वरची एंडप्लेट (डिस्कला लागून असलेला पृष्ठभाग) एकच सरळ रेघ दिसली पाहिजे, दोन्ही पेडिकल (ज्यांतून स्क्रू जातात ते हाडाचे आखूड खांब) एका उंचीवर आणि स्पायनस प्रोसेस (मणक्याचं मागचं टोक) बरोबर त्यांच्या मधोमध. प्रत्येक मणक्याचा कल वेगळा, एल५चा, म्हणजे कमरेच्या सगळ्यात खालच्या मणक्याचा, तर फारच, त्यामुळे दर मणक्याला यंत्र पुन्हा फिरवावं लागतं. तिरक्या चित्रावर घातलेली नीडल (स्क्रूची वाट पाडणारी जाड सुई) तिरकीच जाणार. ते जुळवायला लागणारी पाच मिनिटं वाचवू पाहणारे पुढे अर्धा तास घालवतात.

नीडल पेडिकलच्या बाहेरच्या कडेवर टेकवायची: डावीकडे घड्याळातल्या नऊवर, उजवीकडे तीनवर. साधारण २० मिलिमीटर आत जाईपर्यंत टोकाने पेडिकलची आतली कड ओलांडता कामा नये. मग बाजूचं चित्र घ्यायचं. तिथे टोक मणक्याच्या मागच्या भिंतीपुढे, म्हणजे मणक्याच्या पुढच्या भरीव भागात, बॉडीत गेलेलं दिसलं, तर पुढे चला. समोरून कड ओलांडलेली आणि बाजूने टोक अजून भिंतीमागेच, असं दिसलं तर ते स्पायनल कॅनालकडे, म्हणजे नसा जातात त्या पोकळीकडे, निघालंय. नीडल काढा, पुन्हा सुरू करा. यात लाजायचं काही नाही.

नीडलने पाडलेल्या वाटेत ठेवायच्या गाइडवायरने मला चांगलंच घाबरवलं. स्क्रूसाठी आटे पाडणारा टॅप आणि मग स्क्रू तिच्यावरून आत जातात. वायर जराशी वाकली होती, टॅप तिच्यावर अडकत होता, आणि माझं लक्ष टॅपच्या मुठीवर. दर फेऱ्याबरोबर वायर पुढे सरकत होती. बाजूचं चित्र आलं तेव्हा तिचं टोक मणक्याच्या पुढच्या कडेला टेकलेलं. त्या कडेपलीकडे शरीरातल्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात. सर फक्त ‘थांब’ म्हणाले. तेव्हापासून वायरचं बाहेरचं टोक सहाय्यकाने पकडल्याशिवाय मी टॅप फिरवत नाही, दर दोन-तीन फेऱ्यांनी चित्र घेतो आणि स्क्रू बॉडीत शिरला की वायर लगेच काढून टाकतो.

स्क्रूंचं कौतुक नवख्यांना फार. पण स्क्रू नुसते धरून ठेवतात. हाड जुळतं ते डिस्कच्या जागेत, आणि तिथली साफसफाई सगळ्यात कंटाळवाणी. फॅसेट काढताना निघालेलं हाड फेकू नका, तेच ग्राफ्ट म्हणून, म्हणजे मणके जुळावेत म्हणून भरायला, लागतं. वरून बाहेर पडणारी नस आणि आतून खाली जाणारी नस यांच्यामधल्या खिडकीतून आत जायचं. अवजारं मध्ये मोडल्यासारखी वाकडी असतात, म्हणजे हात नजरेआड येत नाही. एंडप्लेटवरचं कार्टिलेज, म्हणजे कूर्चा, पूर्ण निघालं पाहिजे, पण खालची हाडाची पातळ पाटी शाबूत राहिली पाहिजे. कमी खरवडलं तर हाड जुळत नाही, जास्त खरवडलं तर केज मणक्यात रुततो. खरवडायचं अवजार, म्हणजे क्युरेट, कार्टिलेजवरून गुळगुळीत सरकतो, हाडावर खरखरतो. हा फरक हातालाच शिकावा लागतो. पलीकडची बाजू हमखास अस्वच्छ राहते, तिथे वाकड्या टोकाचा क्युरेट वापरा.

केज टायटॅनियमचा की पीक नावाच्या पॉलिमरचा, यावर कंपन्यांचे प्रतिनिधी तासभर बोलू शकतात. थोडक्यात सांगायचं तर पीकची लवचीकता हाडाच्या जवळची आणि क्ष-किरणांत ते आड येत नाही, पण हाड त्याला सहज चिकटत नाही; टायटॅनियमला चिकटतं, पण तो जास्त ताठ. थ्रीडी प्रिंटिंगचे सच्छिद्र केज दोन्हींचा मेळ घालू पाहतात. साफसफाई वाईट असेल तर यातला कुठलाच वाचवत नाही.

रुग्णाला कुशीवर झोपवून मणक्याच्या बाजूच्या सोआस स्नायूतून जाण्याची किंवा त्याच्या पुढून तिरकं शिरण्याची पद्धत नंतर शिका. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्यांचं गणित वेगळं आहे. नॅव्हिगेशन, म्हणजे अवजाराची जागा पडद्यावर दाखवणारी यंत्रणा, मिळाली तर जरूर वापरा, मात्र रुग्णाच्या हाडाला बसवलेल्या तिच्या रेफरन्स फ्रेमला कुणाची कोपरखळी लागली की पडद्यावरचं सगळं खोटं ठरतं. ओळखीच्या हाडावर टोक टेकवून मधूनमधून खात्री करा.

किरणांचं कुणी आवर्जून सांगत नाही, म्हणून सांगतो. बाजूचं चित्र घेताना किरण सोडणाऱ्या ट्यूबच्या बाजूला उभे राहू नका, ते टिपणाऱ्या डिटेक्टरच्या बाजूला या. अंतर दुप्पट केलं की मात्रा साधारण चौथाई होते. लेड एप्रन, थायरॉइड शील्ड आणि डोसिमीटर (किरणांची मात्रा मोजणारा बॅज) रोज. बॅज कपाटात ठेवून आकडा कमी दाखवणारे महाभाग मी पाहिले आहेत.

पहिल्या केस निवडताना एकच लेव्हल, म्हणजे मणक्यांची एकच जोडी, घ्या, मणक्याची घसरण थोडी असावी आणि पाठीवर आधी शस्त्रक्रिया झालेली नसावी. ओपन शस्त्रक्रियेच्या अवजारांचा सेट निर्जंतुक करून ऑपरेशन थिएटरमध्ये ठेवा. मला तो दोनदा उघडावा लागला: एकदा ड्यूरा, म्हणजे नसांभोवतीचं आवरण, फाटला आणि नळीतून टाका घेता येईना, आणि एकदा आपण कुठे आहोत हेच कळेना. दोन्ही रुग्णांना छेद मोठा का झाला, ते दुसऱ्या दिवशी राउंडला मीच सांगितलं.