बोद कोरडा ठेवू नका, बागेत टायर पेटवू नका

निफाड, दिंडोरी, चांदवडच्या द्राक्ष बागायतदारांनो, आभाळ निरभ्र आहे, वारा पडला आहे आणि दिवे लागणीलाच अंगात हुडहुडी भरते आहे, तर रात्री कडाक्याची थंडी पडून बाग धोक्यात येणार हे धरून चाला. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाचच्या खाली गेल्याची बातमी सकाळी येते, तोवर उशीर झालेला असतो. आज दुपारीच बोद, म्हणजे वेलीच्या ओळीतला मातीचा उंच वाफा, भिजवा.

बागा जाताना पाहिल्या त्या बहुतेक कोरड्या बोदामुळे. थंडीत वेल पाणी कमी ओढते म्हणून ठिबक चार-पाच दिवस बंद राहते. मग रात्री दोनला धावपळ होते आणि बागेला ऊब द्यायला हाताला येईल ते पेटवलं जातं: जुने टायर, फाटका मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्या.

ओली, दाबलेली माती दिवसाचं ऊन साठवते आणि रात्री ऊब सोडते. कोरडी, भुसभुशीत माती ते करत नाही, म्हणून या आठवड्यात माती भुसभुशीत करणारा रोटर घालू नका. शिफारस रात्री किंवा पहाटे पाणी देण्याची आहे. माझा अंदाज असा, की आदल्या दुपारी वरची वीतभर माती ओली झाली तर जास्त फरक पडतो. पहाटे अर्धा तास पुन्हा द्या. लाइट रात्रीचीच असेल तर आदल्या रात्रीच भिजवून ठेवा.

काळ्या धुराने बाग तापत नाही. ऊब मिळते ती आगीची. धुराचे कण इतके बारीक असतात, की जमिनीतून निघून जाणारी उष्णता ते फारशी अडवत नाहीत. उलट सकाळचं ऊन अडतं. शिवाय अशा रात्री थंड हवा खाली आणि उबदार हवा वर असते, त्यामुळे धूर मांडवाखालीच तुंबतो, आणि तिथेच राखण करणारा माणूस बसलेला असतो.

टायर-प्लास्टिक अर्धवट जळताना पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन, म्हणजे पीएएच, काजळीला चिकटून बाहेर पडतात. त्यातल्या बेंझो-ए-पायरीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवलं आहे. ते श्वासातून जातं, अन्नातून जातं, काजळी लागलेल्या कातडीतूनही जातं. तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. गरोदर बाई आणि लहान मुलं त्या धुरात अजिबात नकोत, आणि त्या निखाऱ्यावर हुरडा किंवा वांगं भाजू नका. ही रसायनं तेला-मेणात विरघळतात, म्हणून मण्यावरच्या लवेला, म्हणजे पांढरट मेणचट थराला, बसलेली काजळी साध्या पाण्याने निघत नाही. चोळून धुवाल तर लवच जाईल.

शेकोटी करायचीच तर वाळलेल्या काड्या, लाकूड, छोटे ढीग, बांधाच्या कडेला. ओला पालापाचोळा टाकून धूर करू नका. धुमसणाऱ्या आगीत पीएएच जास्त तयार होतात.

दुकानदार ‘थंडीचं टॉनिक’ म्हणून महागडी बाटली देईल. ती घेऊ नका, त्या पैशात मोटारीचा स्टार्टर दुरुस्त करून घ्या.

इतर कामे:
- भुरी (पांढऱ्या बुरशीचा रोग): सल्फर 80 डब्ल्यूडीजी (पाण्यात विरघळणारे दाणे), 2 ग्रॅम प्रति लिटर पाणी
- मण्यात पाणी उतरण्याआधी घड कागदाने झाकणे
- फवारणी ऊन वर आल्यावर

टायर आधीच जाळले असतील तर ती राख पोटॅश समजून बोदावर पसरू नका. हातमोजे घालून गोळा करा आणि विहीर-शेततळ्यापासून लांब ठेवा. हातपाय साबणाने धुऊन मगच घरात शिरा, आणि ते कपडे वेगळे धुवा.