मूड गेलाय? आधी भाकर, मग स्तोत्र

मूड जाणं हे पाप नाही. हे आधीच सांगायला हवं, कारण आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये चिडचिड झाली की वर अपराधीपणाचं ओझं चढवायची सवय आहे, आणि मग दिवस दुप्पट वाईट जातो. गेथशेमाने बागेत प्रभू येशूचा जीवही अति खिन्न झाला होता (मत्तय २६:३८). पाप घडतं ते त्या मूडमध्ये आपण जे बोलतो, जे करतो त्यात. लक्ष द्यायचं ते तिथं.

पहिला क्रम शरीराचा. बायबलातल्या १ राजे पुस्तकाचा १९ वा अध्याय काढा. ईजबेल राणीच्या धमकीनं पळालेला एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी पुढे ठेवतो, खा म्हणतो. एलीया खातो, परत झोपतो. दूत पुन्हा उठवून खायला लावतो. ‘इथं काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न येतो तो ४० दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर. आपण नेमकं उलटं करतो: उपाशी, अर्धवट झोपेत असलेल्या माणसाला आधी बायबलातलं वचन ऐकवतो.

म्हणून स्वतःला दोन प्रश्न विचारा. शेवटचं जेवण कधी झालं? रात्री किती झोपलो? चार-पाच तास पोटात काही नसेल तर भाकरी-आमटी खा, तेवढा वेळ नसेल तर केळं आणि तांब्याभर पाणी. रिकाम्या पोटी तिसरा चहा नको, त्यानं धडधड आणि चिडचिड वाढते. झोप राहिली असेल तर २० मिनिटं आडवे व्हा. दुपारी दीड तास ताणलीत तर रात्रीची झोप जाते. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपासप्रार्थना धरू नका. कित्येकदा आत्मिक लढाई वाटते ती नुसती उतरलेली साखर असते.

पावसाळ्याचं वेगळं बघा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं जुलैत दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, आणि उजेड कमी झाला की पुष्कळांचं मन खाली जातं. उघडीप मिळाली की सकाळी १५-२० मिनिटं बाहेर पडा. बेळगावात असाल तर किल्ल्याच्या तलावाकडं किंवा कॅम्पातल्या झाडांखालून एक फेरी मारा. चालता चालता श्वास घेताना ‘प्रभू येशू’ आणि सोडताना ‘माझ्यावर दया कर’ म्हणा. सोडायचा श्वास लांब ठेवा, त्यानं छातीतली धडधड उतरते. खानापूरकडच्या कॅथलिक घरांत तेर्स, म्हणजे मण्यांची माळ ओढत करायचा जप, म्हणतात, तोही संथ म्हटला तर असाच उपयोगी पडतो. उरकायचा म्हणून भराभर म्हटला तर नाही.

पोट भरलं, श्वास संथ झाला, की देवापुढं गाऱ्हाणं. इथं घाई करू नका, सगळ्यात जास्त काम इथंच होतं. स्तोत्रसंहितेतलं १३ वं स्तोत्र फक्त सहा ओव्यांचं आहे आणि साचा म्हणून उत्तम. पहिल्या दोन ओव्यांत सरळ तक्रार, पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. वहीत तीन भाग करा. तक्रारीत ‘मन अशांत आहे’ असलं गोलमोल लिहू नका. ‘ऑफिसात सगळ्यांसमोर माझा पाणउतारा झाला’ असं लिहा. मागणी एकच आणि आजच्यापुरती. भरवसा मनात उतरला नसेल तर खोटा लिहू नका, ती जागा कोरी सोडा. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहेच. लिहिलेलं मोठ्यानं वाचा. दहा मिनिटं पुरेत. अर्धा तास झाला की प्रार्थना संपून तेच ते उगाळणं सुरू होतं.

भाषेचंही सांगतो. आपल्याकडं कचेरीत कन्नड, घरात मराठी, कुणाकडं कोंकणी, आणि उपासना यांपैकी कुठल्याही भाषेत. गाऱ्हाणं मात्र ज्या भाषेत तुम्ही भांडता त्याच भाषेत करा.

मूडमागं कुणावरचा राग असेल तर नुसत्या प्रार्थनेनं भागत नाही. रागात असताना सूर्य मावळू नये, असं इफिसकरांस पत्र ४:२६ सांगतं. दिवेलागणीच्या आत एक वाक्य बोलून टाका: ‘मामी, सकाळी मी चढ्या आवाजात बोलले, माफ करा.’ इथं थांबायचं. पुढं ‘पण तुम्हीसुद्धा...’ आलं की माफी फुकट जाते. समोरचा मारहाण करणारा किंवा पिऊन आलेला असेल तर हा नियम लावू नका. आधी सुरक्षित जागी जा, विश्वासातल्या माणसाला सांगा.

बिघडतं कुठं? टोमणा म्हणून वचन व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकलं जातं. ज्याला लागायचं त्याला लागतं आणि भांडण चार घरं फिरतं. मूड घालवायला रात्रभराची प्रार्थना धरली जाते आणि दुसऱ्या दिवशी अपुऱ्या झोपेनं तोच मूड परत येतो. रविवारी मागच्या बाकावर बसून आशीर्वादाआधी सटकलं की आठवडाभर कुणाशी बोलणंच होत नाही. त्यापेक्षा उपासनेनंतर सतरंज्या उचलायला थांबा, हात चालू असले की तोंड आपोआप सुटतं.

उदासी दोन आठवडे जवळजवळ रोज राहिली, झोप-भूक बिघडली, कशातच रस उरला नाही, तर पाळकांना किंवा फादरना सांगा आणि डॉक्टरांकडेही जा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला सांगा, कारण ते कमी असलं तरी असाच थकवा आणि उदासी येते. धारवाडला डिमहान्समध्ये मनाच्या आजारांवर उपचार होतात. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर त्याच क्षणी १४४१६ या टेली-मानसच्या मोफत नंबरवर फोन करा आणि असे विचार येणाऱ्या माणसाला एकटं सोडू नका. ‘विश्वास असेल तर गोळ्या कशाला?’ असं कुणी म्हणालं तरी डॉक्टरांनी दिलेलं औषध मनानं बंद करू नका. काही गोळ्या एकदम सोडल्या की चक्कर, घबराट आणि झोपमोड होते. दवाखान्यात जाताना चालू औषधांची चिठ्ठी आणि झोप कधीपासून बिघडली ती तारीख लिहून न्या.