फोनवर स्मृतिभ्रंशाची चाचणी घेण्याआधी

प्रश्न काढण्यापूर्वी कान आणि घर या दोन गोष्टी पाहून घ्या. गुण खोटे पडतात ते इथेच.

आदल्या दिवशी घरच्यांशी बोलून सकाळची वेळ ठरवा, चहा-नाश्ता आणि गोळ्या झाल्यानंतरची. दिवस कलला की काहींचा गोंधळ वाढतो. ताप आहे का, रात्री झोपेची किंवा सर्दीची गोळी घेतात का, तेही विचारा. दोन-तीन दिवसांत अचानक भ्रम सुरू झाला असेल तर चाचणी घेऊच नका. त्यामागे जंतुसंसर्ग किंवा औषध असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांगा.

आजी-आजोबांना कॅलेंडर, घड्याळ, वर्तमानपत्र दिसणार नाही अशा खोलीत बसवायला सांगा. कागद-पेन हाताशी नको, टीव्ही बंद. घरच्यांना उत्तर सुचवू नका असं स्पष्ट बजावा. मायेपोटी ते सुचवतातच. श्रवणयंत्र लावलेलं असू द्या; शिट्टी वाजली तर फोन जरा दूर, यंत्राच्या माइकपाशी धरायचा. मग चार-पाच आकडे आणि दोन-तीन शब्द म्हणवून घ्या. साध्या फोन लाइनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पोचतो, त्यामुळे ‘स’ आणि ‘फ’ सहज मिसळतात. जो शब्द ऐकूच आला नाही, तो विसरला असं कसं म्हणणार?

चाचणी कोणती, हे आधी ठरवा. टी-मोका म्हणजे मोका या स्मृती-आकलनाच्या चाचणीचं फोनवरचं रूप, २२ गुणांची, चित्रांचे प्रश्न वगळलेली. टिक्स ही फोनवर घेण्यासाठीच केलेली चाचणी, ४१ गुणांची. अगदीच वेळ नसेल तर तीन शब्द, वार, महिना, साल एवढी सहा गुणांची. शिक्षण किती, ते लिहून ठेवा. चाचणीतलं शंभरातून सात-सात वजा करणं चौथी शिकलेल्या आजींना ठणठणीत असतानाही जड जातं. तारखेऐवजी त्यांनी तिथी सांगितली तर तीही जशीच्या तशी टिपा.

शब्द सांगितल्यावर ते पुन्हा विचारेपर्यंत लाइन तुटली तर तो भाग ग्राह्य धरू नका. पुढच्या वेळी शब्दांची दुसरी यादी घ्या.

मुलाला किंवा सुनेला वेगळा फोन करा, आजी-आजोबा ऐकत नसताना. पेन्शनचा हिशेब, गॅस, ओळखीच्या वाटेवर चुकणं, तेच तेच विचारणं: यांत पूर्वीपेक्षा काय बदललं, ते विचारा. गुण कमी आले तरी फोनवर निदान सांगू नका. प्रत्यक्ष तपासणीची वेळ द्या, बी-१२ आणि थायरॉइडच्या तपासण्या झाल्यात का, तेही विचारून ठेवा.