गोलकृमींमधील अर्जित गुणांचा वारसा तपासताना या चुका टाळा

सी. एलेगन्स हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा गोलकृमी सुमारे तीन दिवसांत प्रौढ होतो. उभयलिंगी कृमी स्वफलनाने प्रजनन करत असल्यामुळे त्याची संतती जनुकीयदृष्ट्या जवळपास एकसारखी असते. म्हणूनच डीएनएचा क्रम न बदलता आईचा अनुभव पुढच्या पिढ्यांत उतरतो का, हे तपासण्यासाठी तो अतिशय सोयीचा आहे. तरीही वारशाचे अनेक दावे डळमळीत ठरतात, आणि माझ्या मते त्याचे कारण बहुधा दोन पिढ्यांमधल्या हाताळणीत असते.

पहिली चूक पिढ्या मोजण्याची. अंडे गर्भाशयात असतानाच भ्रूणात जननपेशींची पूर्वज पेशी तयार झालेली असते. त्यामुळे अंडी धारण केलेल्या कृमीला ताण दिला, तर तो मुलांपर्यंत आणि नातवंडे ज्यांपासून घडणार त्या पेशींपर्यंतही थेट पोहोचतो. अशा प्रयोगात पणतवंडे ही ताणाचा स्पर्श न झालेली पहिली पिढी होय. ताण अंडी तयार होण्याआधी, अळीच्या अवस्थेतच संपला असेल, तर मात्र ही गणना एका पिढीने अलीकडे सरकते. म्हणून ताण कोणत्या वयात सुरू झाला आणि कधी थांबला, याची नोंद अनिवार्य आहे.

दुसरी चूक अधिक छुपी आहे. सर्व कृमी एका वयाचे मिळावेत म्हणून प्रौढांना ब्लीचने विरघळवून अंडी वेगळी करतात आणि ती रात्रभर अन्नाविना उबवतात, त्यामुळे अळ्या पहिल्याच अवस्थेत थबकतात. ही उपासमारच आहे. ओदेद रेशावी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की अशा उपासमारीतून निर्माण झालेले लघु आरएनए (जनुकांचे काम नियंत्रित करणारे आरएनएचे छोटे रेणू) किमान तीन पिढ्या टिकतात. म्हणजे दर पिढीला ही पद्धत वापरणारा संशोधक नकळत प्रत्येक वेळी नवा अनुभव देत असतो. त्याऐवजी प्रौढ कृमींना अन्न असलेल्या प्लेटवर एक-दोन तास अंडी घालू देऊन नंतर काढून टाकावे, आणि नियंत्रण गटालाही तंतोतंत तीच वागणूक द्यावी. आयांचे वयही सारखे हवे, कारण अगदी तरुण आईची संतती आकाराने लहान आणि वाढीला मंद असते. हा फरक मुख्यतः अंड्यातील पोषकद्रव्याच्या कमतरतेमुळे पडतो.

आरएनए हस्तक्षेपाच्या, म्हणजे आरएनए देऊन ठरावीक जनुक गप्प करण्याच्या, प्रयोगांत दुहेरी आरएनए बनवणारे जिवाणू कृमींना खाऊ घालतात, आणि त्यांचे अवशेष पुढच्या प्लेटवर गेले तर वारशाचा आभास निर्माण होतो. खरा वारसा नुसत्या उरलेल्या रेणूंवर चालू शकत नाही. एका कृमीला सुमारे ३०० पिल्ले होतात, म्हणून चार पिढ्यांत मूळ रेणू ८१० कोटी पटींनी विरळ होतील. आरएनएवरून आरएनए बनवणारे विकर दर पिढीत नवी लघु रेणूंची फौज उभी करते आणि एचआरडीई-१ हे प्रथिन जननपेशींच्या केंद्रकात त्या रेणूंना धरून जनुक गप्प ठेवते. हे प्रथिन नसलेल्या उत्परिवर्ती कृमींतही नातवंडांनंतर परिणाम तसाच राहिला, तर आधी अवशेषांचा संशय घ्यावा.

सायटोसिन या डीएनएच्या घटकावरील मेथिल या रासायनिक खुणा इथे शोधू नयेत, या कृमीत त्या व्यवहारतः नाहीत. डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरील खुणा पाहाव्यात.

शेवटी, पुनरावृत्तीचा प्रश्न. प्रिन्स्टनमधील कोलीन मर्फी यांच्या प्रयोगशाळेने २०१९ मध्ये स्यूडोमोनास एरुजिनोसा हा रोगकारक जिवाणू टाळण्याची शिकवण चार पिढ्या टिकते असे मांडले. क्रेग हंटर यांच्या हार्वर्डमधील गटाला ती मुलांच्या पिढीपलीकडे खात्रीने दिसली नाही, तर आणखी एका स्वतंत्र प्रयोगशाळेला नातवंडांत दिसली. कृमीला दोन जिवाणूंच्या थरांतून एक निवडू देणाऱ्या अशा निवड-चाचणीत सोडियम अझाइड हे रसायन कृमीला त्याने पहिल्यांदा गाठलेल्या थरावरच निश्चल करते, अन्यथा तो चाचणी चालू असतानाच पुन्हा शिकू शकतो. त्यामुळे अझाइड वापरले की नाही आणि जिवाणूंचा थर कोणत्या तापमानाला किती काळ वाढवला, हे लिहिले नसेल तर दोन प्रयोगशाळांचे निकाल एकमेकांशी ताडूनच पाहता येत नाहीत.