चौपाटीवर आंतरराष्ट्रीय मापाचं बीच सॉकरचं मैदान कसं आखायचं

मार्च 2025 मध्ये भारताचा संघ थायलंडमध्ये पट्टायाला बीच सॉकरचा, म्हणजे वाळूवरच्या फुटबॉलचा, आशियाई चषक खेळला, 2007 नंतर पहिल्यांदाच. मे महिन्यात सेशेल्सचा विश्वचषक ब्राझीलने नेला. असे सामने पाहिले की मुंबईकराला वाटतं, वाळू तर आपल्या दारातच आहे. दारात आहे हे खरं, पण जुहूला किंवा अक्साला पसरलेली वाळू जशीच्या तशी खेळायला चालत नाही. पॅराग्वेला समुद्रच नाही, तरी 2019 चा विश्वचषक तिथे झाला, कारण वाळू नीट तयार केलेली होती. सामना चांगला होणार की दुखापतींचा, हे वाळूच्या तयारीवर ठरतं, म्हणून निम्म्याहून जास्त मेहनत तिथेच घाला.

परवानग्यांचं काम दोन महिने आधी हाती घ्या: जिल्हाधिकारी कार्यालय, पालिकेचा वॉर्ड, पोलीस ठाणे. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, शेवटचा सामना त्या हिशेबाने लावा.

पहिला प्रश्न भरतीचा. जुन्या माणसांचा हिशेब अजून उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पुनव-अवसेला भरती बाराच्या आसपास येते आणि संध्याकाळी सहाला ओहोटी असते, म्हणून ते दिवस सोयीचे वाटतात. इथेच फसगत होते. ते उधाणाचे दिवस. मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि दुपारी मैदान भिजवून जातं. भिजलेली वाळू दाबून बसते, तिच्यावर उलटी किक मारून पडलेल्या खेळाडूची पाठ फरशीवर आपटल्यासारखी शेकते. सप्तमी ते एकादशी भांगाचे दिवस, पाणी संध्याकाळी आलं तरी फार वर येत नाही. स्पर्धा त्याच दिवसांत घ्या. नक्की वेळ भरतीच्या छापील तक्त्यातून पडताळा आणि मैदान वाळक्या कचऱ्याच्या सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर धरा.

मैदानाची लांबी किनाऱ्याला समांतर ठेवा. आपला किनारा दक्षिणोत्तर आहे, त्यामुळे गोल उत्तरेला आणि दक्षिणेला येतात आणि मावळतीचा सूर्य कुठल्याच गोलकीपरच्या डोळ्यांत जात नाही. समुद्रावरचा वाराही आडवा वाहतो. सामना 12 मिनिटांच्या तीन डावांचा असतो, बाजू बदलूनही हिशेब समसमान होत नाही. वारा गोलाच्या दिशेने असेल तर एका संघाला तो दोन डाव मिळेल.

आता वाळू. नियमाने ती किमान 40 सेंटिमीटर खोल, सपाट आणि खडे-शिंपले नसलेली हवी. मैदान 36 बाय 27 मीटर धरलं आणि चारी बाजूंना दोन-दोन मीटर मोकळी जागा सोडली, तर 40 बाय 31 मीटरचा पट्टा होतो. म्हणजे जवळपास 500 घनमीटर वाळू, आपल्या भाषेत 175 ब्रास. एवढी सगळी फावड्याने उलथायची आहे. ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर जेमतेम वीतभर खाली जातो आणि चाकांखालची वाळू आणखी दाबतो, त्याच्यावर विसंबू नका. वरची वीतभर वाळू पाच मिलिमीटरच्या उभ्या चाळणीतून काढा. ओली वाळू चाळणीतून पडत नाही, म्हणून सकाळी उलथून ठेवा आणि उन्हं चढल्यावर चाळा. काचा आणि शिंपल्यांचे तुकडे चाळणीत अडकतात, पण बारीक तार आणि खिळे उभे होऊन सुटतात. गणपतीनंतरच्या महिन्यांत मखरांचे असे अवशेष हमखास सापडतात. लोहचुंबक दोरीला बांधून पट्ट्यापट्ट्याने ओढा, दोनदा, आडवं-उभं. हा खेळ अनवाणी खेळतात, बूट चालतच नाहीत.

मैदान शाळेच्या आवारात करत असाल तर नदीची धुतलेली वाळू घ्या. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, कितीही स्वस्त पडली तरी नको, तिच्या कणांना धार असते आणि पाय सोलवटतात. किनाऱ्यावरची वाळू उचलून नेणं बेकायदा आहे.

किनारा समुद्राकडे उतरता असतो. पन्नासाला एक एवढाच उतार धरला तरी 27 मीटरच्या रुंदीत अर्ध्या मीटरहून जास्त फरक पडतो आणि प्रत्येक सुटलेला चेंडू पाण्याकडे धावतो. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घेऊन चारी कोपऱ्यांची पातळी काढा, वरच्या बाजूची वाळू खाली ओढा, मग लांब फळीला दोर बांधून दोघांनी ती फिरवा. शेवटी बोटाएवढ्या जाड सळईवर 40 सेंटिमीटरची खूण करून पंचवीस-तीस ठिकाणी खुपसून पाहा. हाताच्या जोराने खुणेपर्यंत गेली पाहिजे. जिथे अडेल तिथे पुन्हा खणा.

आखणी त्या मानाने सोपी, आणि 36 बाय 27 हे माप घ्यायचं कारणही तेच. नियमात लांबी 35 ते 37 आणि रुंदी 26 ते 28 मीटर चालते. 36 म्हणजे नऊ चोक, 27 म्हणजे नऊ त्रिक, आणि कर्ण बरोबर नऊ पंचे, 45 मीटर. पेनल्टीची रेषाही गोलरेषेपासून 9 मीटरवर. एक 9 मीटरची दोरी घेतली की अख्खं मैदान तिच्यातून निघतं. मात्र नायलॉनची दोरी ताणते आणि भिजली की माप बदलते, म्हणून न ताणणारी घ्या आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन्ही 45 आले तर कोपरे काटकोनात आहेत. एक कर्ण हातभर जास्त भरला तर लांबीच्या रेषा पुन्हा मोजू नका, एका टोकाचे दोन्ही कोपरे सारखेच सरकवा.

रेषांना चुना नको, डोळ्यांत जातो. खाटेची नवार असते तशी विणलेली निळी पट्टी, 8 ते 10 सेंटिमीटर रुंद, घ्या. परिघ 126 मीटर भरतो, 140 मीटर आणा. लोखंडी खुंट्या अजिबात नकोत. वीतभर लाकडी फळी अर्धा मीटर खोल आडवी गाडा, तिला रबरी दोरी बांधा आणि पट्टी त्या दोरीला अडकवा. पाय अडकला तर पट्टी ताणली जाते, खेळाडू तोंडावर पडत नाही. चार कोपरे, लांबीच्या रेषांवर दर 9 मीटरला एक, आणि प्रत्येक गोलखांबाशी एक: एकूण 14 फळ्या.

गोल आतून साडेपाच मीटर रुंद आणि 2.2 मीटर उंच. खांबाची आतली कड कोपऱ्यापासून 10.75 मीटरवर येते. मागच्या पाइपावर वाळूने भरलेली आठ पोती ठेवून ती पुरा, नाहीतर आडव्या दांड्याला कुणी लोंबकळलं की अख्खा गोल पुढे कोसळतो. मैदानात मधली रेषा आणि पेनल्टीची रेषा आखलेली नसते, ती झेंड्यांवरून कळते: मध्याला दोन लाल, 9 मीटरवर चार पिवळे, शिवाय चार कोपरे. काठ्या किमान दीड मीटर उंच आणि लवचीक असाव्यात. लाल-पिवळे झेंडे रेषेबाहेर एक ते दीड मीटरवर.

सामन्याच्या दिवशी तासभर आधी टँकरच्या पाइपने हलका फवारा मारा, तळपाय भाजणार नाहीत एवढाच. डबकं साचलं की ती जागा दगड झाली समजा. डावांमध्ये तीन मिनिटं मिळतात, त्यात दोन माणसं दोन्ही गोलांसमोर दंताळं फिरवतील. गोलकीपरच्या पायांनी तिथे खड्डा पडतो आणि गोल आपोआप उंच होतो, म्हणून 2.2 मीटरची काठी हाताशी ठेवून दांड्याखाली लावून पाहा. मैदानभर पडलेले खळगे आणि उंचवटे बुजवत बसू नका. फ्री किकला समोर खेळाडूंची भिंत नसते, मारणारा चेंडूखाली वाळूचा छोटा ढीग रचतो, आणि उंचवट्यावरून भलतीकडे उसळणारा चेंडू हा खेळाचाच भाग आहे.

स्पर्धा संपल्यावर खणलेला भाग पूर्वीच्या उतारावर आणून ठेवा आणि फळ्या मोजून बाहेर काढा. चौदाच्या चौदा.