कॅमेऱ्याची बॅग शिडीपाशी काढून घेतली तर

जळगावहून एटीआर या छोट्या, पंख्याच्या विमानाने जाताना डोक्यावरचा कप्पा लहान असतो. फुगलेली कॅमेरा बॅग त्यात बसली नाही, तर ती शिडीपाशीच खालच्या सामानात टाकायला मागतात. मागे रांग उभी आणि आपण बॅग उपसत लेन्स शोधतोय, हे मी एकदा अनुभवलंय. तेव्हापासून असं भरतो:

१. बॅगेच्या आत एक मऊ, पट्ट्याची छोटी पिशवी. तिच्यात कॅमेऱ्याची बॉडी, सगळ्यात महागडी लेन्स, मेमरी कार्डं, चार्जर, पॉवर बँक आणि सगळ्या बॅटऱ्या. बॅग मागितली की पिशवी ओढून खांद्याला लावायची, बाकीची बॅग देऊन टाकायची. पिशवी पुढच्या सीटखाली सहज मावते.

२. ट्रायपॉड घरीच चेक-इन बॅगेत, जुन्या चादरीत गुंडाळून. त्याने केबिनच्या ७ किलोंतलं बरंच वजन वाचतं.

३. तपासणीला कॅमेरा, चार्जर, पॉवर बँक ट्रेमध्ये वेगळे ठेवावे लागतात. तीच पिशवी रिकामी केली की झालं, अख्खी बॅग उपसावी लागत नाही.

सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये कधीच टाकू नका, आगीचा धोका असतो. शिडीपाशी बॅग दिली तरी त्या आपल्याजवळच हव्यात. बॅटरीच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. १०० वॅट-अवरपर्यंतच्या (बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) बॅटऱ्यांना वेगळी परवानगी लागत नाही. नेहमीच्या कॅमेऱ्याची बॅटरी १५-२० वॅट-अवरच्या आसपास असते. व्हिडिओ लाइटच्या मोठ्या बॅटरीवरचा आकडा मात्र घरूनच वाचून निघा.